पिवळ्या पायांचा पाठभेद

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही पोथ्यांची वंशावळ फळ्यावर काढतो. खाली अनेक प्रती, वर एकच मूळ संहिता. चार्ल्स डार्विनने १८६८ साली कोंबडीचा वंश असाच मांडला होता: साऱ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा.

२००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी या वंशावळीत दुसरी रेघ जोडली. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाही; ते बहुधा राखी रानकोंबड्याचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आरवणाऱ्या पाखराचे आहे.

पोथीच्या भाषेत हा प्रक्षेपच. पण तो वगळून शुद्ध संहिता सिद्ध करायची म्हटली, तर पिवळ्या पायांच्या असंख्य कोंबड्याच वगळाव्या लागतील. म्हणून 'प्रक्षिप्त' हा शब्द आम्हांला निकालासारखा वापरवत नाही.

उलट दिशेची भर मात्र चिंतेची आहे. गावच्या कोंबड्यांशी होणाऱ्या संकरामुळे रानातल्या तांबड्या कोंबड्याचे मूळ जनुकीय वाण विरळ होत चालले आहे. प्रती एकमेकींत मिसळल्या, तर वंशावळ गुंतागुंतीची होते, इतकेच. जुनी प्रतच पुसली गेली, तर पाठभेद ताडून पाहायचे कशाशी?