वरची दिशा अधिक

कागदाच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण काढायचा, टोकाशी अधिकचं चिन्ह लिहायचं आणि मगच गणिताला हात घालायचा. वरची दिशा अधिक. एवढं ठरलं की सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू आकड्यांत उतरू लागतो: पहिल्या सेकंदाअखेर अधिक ९.८, दुसऱ्याअखेर शून्य, तिसऱ्याअखेर उणे ९.८, आणि चौथ्याला, हवेचा अडथळा विसरलो तर, गेला होता त्याच वेगाने, फक्त उणे होऊन, तळहातावर थाप.

मी रेंगाळतो तो त्या शून्यापाशी. वर जाणं संपलेलं, खाली येणं अजून सुरू न झालेलं, चेंडूच्या एका अंगाला मावळतीचा तांबूस उजेड लागलेला, आणि बघणाऱ्याला वाटावं की आता याच्यावर कुणाचीच सत्ता नाही, पृथ्वीनेही याला घटकाभर मोकळं सोडलंय.

सोडलेलं नसतं.

वेग शून्य, पण त्वरण तिथेही उणे ९.८च. चढताना हेच उणे वेग खात होतं, उतरताना हेच तो वाढवणार. आता बाण उलटा करा, खालची दिशा अधिक धरा: सगळी चिन्हं कूस बदलतात, चेंडू मात्र त्याच सेकंदाला त्याच हातात येतो. त्याला काय त्याचं!

विहिरीवर बाण असा ताठ राहून भागत नाही. ओल्या दोराचा वास, कप्पीची करकर, तळाशी हेलकावणारं आभाळ. ओढणारा हात खाली येतो तसतसा पोहरा वर चढतो. दोर एक, चाल एक. म्हणून हाताच्या बाजूला खालची दिशा अधिक, पोहऱ्याच्या बाजूला वरची. कप्पीच्या खोबणीतून दोराबरोबर चिन्हही वळतं. यांत्रिकीतली ही मला सगळ्यात देखणी सोय वाटते.

विजेचं अधिक-उणे बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकातच ठरवून टाकलं होतं. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, तो निघाला उणे. तारेतून तो एकीकडे सरकतो, आकृतीतला बाण आजही दुसरीकडे. हिशेब जुळतो, मग कोण खोडणार?

स्प्रिंगच्या सूत्रातलं उणे मात्र हट्टी. ताणली तर आत ओढते, दाबली तर बाहेर ढकलते. उजवी बाजू अधिक धरा, नाहीतर डावी. बाकीची चिन्हं बदलतील, हे बदलत नाही. त्याला डावं-उजवं ठाऊकच नाही. तुम्ही जिकडे न्याल त्याच्या उलट, एवढंच त्याला कळतं.