फ्यूज कुणासाठी?

“मावशी, कॅमेरा परत बंद पडला!” भाच्याचा चेहरा रडवेला झाला होता.

भाचा शाळेच्या रोबो संघात आहे. १९९२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’साठी मुलांचा रोबो तयार होत होता. त्याला १२ व्होल्टची, सुमारे सहा किलो वजनाची एकच बॅटरी. मोटारी तिच्यावर, कॅमेऱ्याचा छोटा संगणक आणि दिव्यांची पट्टीही तिच्यावरच. संगणकाला हवेत अवघे ५ व्होल्ट. पण मोटारी एकदम सुरू झाल्या की बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि संगणक बंद पडतो. फ्रिज सुरू होताना घरातला दिवा मंद होतो ना, अगदी तसेच! बॅटरीचे व्होल्टेज घसरले तरी स्थिर ५ व्होल्ट देणारा चांगला कन्व्हर्टर सरांनी बसवला आणि ते दुखणे थांबले.

दिव्यांच्या पट्टीचा ५ अँपिअरचा फ्यूज मात्र सारखा उडत होता. दुसऱ्याच दिवशी चाचणी होती. मी सहज म्हणाले, “अरे, मग २० चा बसव की! आमचे बाबा नाही का जाड तार घालत?”

त्याने ऐकले. दुसऱ्या दिवशी चाचणी पाहायला मीही गेले होते. पाचच मिनिटांत त्या बारीक वायरमधून धूर निघाला. ती ओढायला गेला आणि त्याच्या बोटावर टचकन फोड आला. सरांनी धावत येऊन मुख्य ब्रेकरचे लाल बटण दाबले.

“फ्यूज कुणी बदलला?”

“मी, सर,” भाचा खाली मान घालून म्हणाला. माझे नावही त्याने घेतले नाही. मला राहवले नाही. म्हटले, “सर, सल्ला माझा होता.”

सर रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायरला झेपेल तेवढाच फ्यूज घालायचा. तो पुन्हा पुन्हा उडतो, तेव्हा कुठेतरी बिघाड आहे असं सांगत असतो.”

बॅटरी सोडवून शोध घेतला. रोबोच्या हाताच्या बिजागरीत वायर चेपून आतल्या दोन तारा एकमेकींना टेकत होत्या. मुलांनी नवी वायर बिजागरीपासून दूर नेली, थोडी सैल ठेवून बांधली आणि ५ चाच फ्यूज बसवला. तो पुन्हा उडाला नाही.

त्या रविवारी मी माहेरी गेले. जुन्या घरातले चिनी मातीचे फ्यूज वायरमनकडून उघडून घेतले. आत तांब्याची जाड तार! ती काढून त्याने योग्य मापाची तार घातली.

बाबा कुरकुरले, “अगं, आता सारखा उडायला लागला तर?”

“उडू दे बाबा. कुठे चुकतंय ते तरी कळेल!”