आमरस आणि अर्धा मायक्रोलिटर

"मुलगा काय करतो तुमचा?" असं कुणी विचारलं की आई सांगते, "पाण्याच्या थेंबाचं काहीतरी करतो." तसं ते बरोबरच आहे. मी बी.ई. झालो, काही वर्षं बँकांसाठी कोड लिहिला आणि आता बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणाऱ्या एका छोट्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहितो. यंत्रात प्लास्टिकची एक चकती बसते. तिच्यात केसाएवढ्या जाडीच्या नळ्या कोरलेल्या असतात. पाण्याचा थेंब त्यांतून जातो, वाटेत रसायनं भेटतात, गुलाबी रंग येतो आणि तो रंग किती गडद आहे यावरून माझा कोड आकडा काढतो.

इतक्या बारीक नळीत पाणी आपल्या ओळखीचं राहत नाही. बादलीत रंग टाकला की भोवरे उठतात आणि तो पसरतो. इथे भोवरे उठतच नाहीत. दोन रंगांचे प्रवाह सोडले तर ते रुळांसारखे शेजारीशेजारी वाहत राहतात. एकमेकांत मिसळतात ते फक्त रेणूंच्या स्वतःच्या हालचालीने, काठाकाठाने. म्हणून नळीच्या तळाला तिरक्या खाचा पाडतात, म्हणजे प्रवाहाला पीळ बसतो. ही युक्ती 2002 साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवली होती. बुडबुडा हा तर आमचा कायमचा शत्रू. राईएवढा बुडबुडा अडकला की अख्खी चाचणी वाया. चकतीला उघड्या हाताने शिवायचं नाही, असा आमच्याकडे नियमच आहे.

आता मे महिन्यातली गोष्ट. सुट्टी काढून बडोद्याला घरी गेलो होतो. आमचं घर दांडिया बाजारात. बाबांनी केसरची पेटी आणलेली आणि आई सकाळपासून रस काढायला बसलेली. मिक्सरमधला रस तिला चालत नाही. आंबा हाताने पिळायचा, साल उलटी करून निपटायची. तिला मधुमेह आहे, बरीच वर्षं इन्सुलिन घेते. जेवणाआधी साखर मोजायची वेळ झाली तसे तिने पदराला हात पुसले, स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवला आणि पट्टीला रक्त लावलं.

आकडा आला 312.

डॉक्टरांनी तिला एक तक्ता लिहून दिला आहे, साखर तीनशेच्या वर असेल तर नेहमीच्या डोसाला चार युनिट जादा. ती बिचकली. "काल लग्नात जिलबी खाल्ली, त्याचं असेल का रे?" मी तक्ता बघितला आणि म्हणालो, "घे चार जास्त. आणि आज रस नको खाऊस." सकाळभर रस काढलेल्या बाईने एका फुलक्याबरोबर थोडी आमटी खाल्ली आणि आम्हाला वाटीवर वाटी वाढत राहिली.

तासाभराने ती बोलता बोलता थांबली. कपाळावर घाम, हात थरथरत होते. पुन्हा मोजलं तर 48. बाबांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तिला पाजली. पंधरा मिनिटांनी 83 आला, तेव्हा कुठे घरातल्यांचा श्वास परत आला. ती बरी होती, पण पुढचा तासभर मी तिच्या शेजारून उठलो नाही.

पहिला राग मी त्या मीटरवर काढला. "हे खराब झालंय, नवीन घेऊ." बोलताना नजर आईच्या हाताकडे गेली. जेवायच्या आधी तिने हात धुतले होते, तरी नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. ऑफिसात हातमोजे घातल्याशिवाय चकतीला न शिवणारा मी, घरी तिच्या शेजारी बसून तो आकडा खरा धरला होता.

ग्लुकोमीटरची पट्टी ही आमच्या चकतीची चुलत बहीणच. तिच्या टोकाला एक चपटी, सूक्ष्म फट असते. रक्त टेकवलं की केशाकर्षणाने ते आपोआप आत ओढलं जातं, पंपबिंप काही लागत नाही. आत एक एन्झाइम असतं. ते ग्लुकोजवर काम करतं, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मीटर तो मोजतो. रक्त लागतं साधारण अर्धा मायक्रोलिटर. ड्रॉपरचा एक थेंब पन्नास मायक्रोलिटरचा धरला, तर त्याचा शंभरावा भाग.

आता हिशेब करू. साखर 100 म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम ग्लुकोज. अर्ध्या मायक्रोलिटरमध्ये ते होतं अर्धा मायक्रोग्रॅम. त्यात बाहेरून एकच मायक्रोग्रॅम ग्लुकोज पडलं की आकडा शंभरावरून थेट तीनशेवर. आंब्याच्या रसात साखरा बऱ्याच असतात, त्यांतलं नुसतं ग्लुकोज शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम. म्हणजे एका मायक्रोग्रॅमसाठी रस लागतो मायक्रोलिटरचा विसावा भाग. बोटावर पसरला तर सहज नजरेतही येणार नाही इतका. आणि पट्टीतलं ग्लुकोज रक्तातून आलं की केसर आंब्यातून, हे मीटरमधल्या कोडला कळायला काही मार्गच नाही. त्याच्या परीने त्याने बरोबर आकडा दिला होता.

संध्याकाळी मी स्वतःवर प्रयोग केला. मला मधुमेह नाही. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मोजलं तर 94. मग एक आंबा सोलला आणि हात फडक्याला पुसून मोजलं. 271. स्पिरिटचा बोळा फिरवून, 158. पुन्हा हात धुऊन, 97. बाबा म्हणाले, "एक पट्टी वीस रुपयांची आहे, माहितीये ना?" पण चौथा आकडा बघायला तेही चष्मा लावून आले.

स्पिरिटने जंतू मरतात, पण साखर त्यात फारशी विरघळत नाही. तिला पाणीच हवं. नंतर शोधलं तर कळलं की जपानमधल्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रयोग संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून केला होता आणि 2011 साली 'डायबिटीज केअर' या नियतकालिकात तो छापला होता. तिथेही स्पिरिट पुरं पडलं नव्हतं, नळाच्या पाण्याने काम झालं होतं. उलटी चूकही होते बरं का. ओल्या बोटाने मोजलं तर रक्त पातळ होऊन आकडा कमी येऊ शकतो. रक्त येत नाही म्हणून बोट दाबदाबून पिळलं तर पेशींभोवतालचा द्रव त्यात मिसळतो. तुमच्या घरात आजी-आजोबा, आई-बाबा कुणी मोजत असतील, तर एकदा शेजारी बसून त्यांची पद्धत बघा. आकडा अनपेक्षित आला तर इन्सुलिनच्या पेनाला हात लावण्याआधी हात धुऊन, पुसून पुन्हा मोजायला सांगा.

कामावर परतल्यावर आमच्या यंत्रात मी एक छोटा बदल केला. आकडा त्याच विहिरीच्या मागच्या आकड्यापेक्षा फारच वेगळा आला, तर यंत्र आधी म्हणतं, "नवीन हातमोजे घालून दुसरा नमुना घ्या." शेजारच्या टेबलावरच्या मित्राने विचारलं, एवढं कशाला? एका नमुन्याचा वेळ वाया जातो. मी त्याला आमरसाची गोष्ट सांगितली.

यंदा पेटी आली तेव्हा मी फोनवर होतो. मागून बाबांचा आवाज आला, "आधी मोजून घे, मग बस आंबे घेऊन." आई म्हणाली, "मोजलंय हो. एकशेअठरा. आज मी अर्धी वाटी खाणार आहे, आणि तुमच्या मुलाला काही सांगू नका."

मी फोनवर आहे, हे तिच्या लक्षातच नव्हतं.