वर्कलाचा कडा: समोर समुद्र, पोटात पाणी

मुंबईहून निघालेली नेत्रावती एक्स्प्रेस रत्नागिरीच्या आसपास लाल कापांमधून धावू लागते, तेव्हा खिडकीबाहेर जांभ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. वर टणक, भोकाभोकांचा थर आणि त्याखाली पिवळट, पांढुरकी, मऊ माती. ही माती कोकण रेल्वेच्या अभियंत्यांचं जुनं दुखणं आहे. २०२४ च्या जुलैमध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि या मार्गावरच्या गाड्या अडकून पडल्या. त्या बोगद्यातून आमची गाडी पुढे गेली, कर्नाटकचा किनारा मागे पडला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वर्कला शिवगिरी स्थानकावर उतरलो. दगड तोच होता. फरक एवढाच, की इथे समुद्राने तो उभा कापून ठेवला होता.

वर्कला हे तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवरचं गाव. दक्षिण केरळचा किनारा बहुतेक सपाट: वाळूचा पट्टा, त्यामागे माडांच्या रांगा, त्यामागे कायलांचं, म्हणजे बॅकवॉटरचं, संथ पाणी. वर्कलाला मात्र जमीन अचानक उंचावते आणि थेट समुद्राशी येऊन तुटते. काही ठिकाणी हा कडा २५ मीटरच्या आसपास उंच आहे. त्याच्या माथ्यावर उपाहारगृहं, योगवर्ग, आयुर्वेदिक मालिशची दुकानं आणि राहण्याच्या खोल्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. सगळ्यांना समुद्राकडे तोंड हवं, म्हणून सगळी बांधकामं काठाकडे सरकलेली.

कडा वाचायचा असेल तर खालून चालावं. ओहोटीची वेळ पाहून पापनाशम किनाऱ्यावरून उत्तरेकडे निघालं, की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला भिंत राहते. पाऊस नुकताच ओसरला होता, त्यामुळे भिंत अजून ओली होती.

सगळ्यात वर जांभा. उष्ण, दमट हवेत असंख्य पावसाळ्यांचं पाणी खडकातून मुरत गेलं, की सिलिका, चुना आणि क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. त्यांचं टणक कवच तयार होतं आणि त्याला घावनाला पडते तशी जाळी पडते. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, हे कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला माहीत आहे. युरोपीय भूविज्ञानात या दगडाला नाव मिळालं तेही केरळमुळेच. फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरने मलबारातल्या अंगाडिपुरमला लोक हा दगड कापून घरं बांधताना पाहिले आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याचं वर्णन केलं.

जांभ्याखाली दृश्य बदलतं. पांढरे, गुलाबी, पिवळे, जांभळट असे चिकणमातीचे आणि वालुकाश्माचे थर आलटून पालटून येतात. वालुकाश्म म्हटलं तरी तो इतका ठिसूळ, की बोटाने खरवडला तर वाळू हातात येते. पायथ्याशी काळपट माती दिसते. तिच्यात लिग्नाइटचे, म्हणजे अर्धवट कोळसा झालेल्या लाकडाचे तुकडे असतात. एके काळी इथे दलदल आणि झाडोरा होता, याचा हा पुरावा. १८८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी या थरांना गावाचंच नाव दिलं. भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते आजही ‘वर्कल्ली’ नावानेच येतात. त्यांचं वय मायोसीन आणि त्याच्या पुढच्या काळातलं मानतात. मायोसीन म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या मानाने हा कडा पोरसवदा आहे आणि त्याचा दगड पुरता दगडही झालेला नाही.

मराठी वाचकाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली अशीच काळी माती आणि लिग्नाइट सापडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. अभ्यासक त्या थरांचं नातं वर्कल्लीशी जोडतात. कोकणात ते विहिरीच्या तळाशी लपलेले असतात आणि इथे उन्हात उघडे पडले आहेत.

चालता चालता बूट भिजले, ते लाटेने नव्हे. कड्याच्या मध्यावर, वालुकाश्म आणि चिकणमाती जिथे भेटतात त्या रेषेवर, झरे पाझरत होते. पाणी गोडं. काही ठिकाणी नुसती ओल, काही ठिकाणी बारीक धार. या झऱ्यांना भाविक पवित्र मानतात, परदेशी पाहुणे त्यांचे फोटो काढतात आणि भूवैज्ञानिक त्यांच्याकडे संशयाने पाहतात. संशयाला कारण आहे.

केरळात मोसमी पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा झोडपतो. हे पाणी जांभ्याच्या जाळीतून सरळ खाली उतरतं, वालुकाश्मात साठतं, पण चिकणमातीशी अडतं. खाली जायला वाट नाही, म्हणून ते आडवं वाहत कड्याच्या तोंडातून बाहेर पडतं. बाहेर पडताना वाळूचे कण सोबत नेतं. कण गेले की पोकळी होते, पोकळी वाढली की कपार होते आणि कपारीवर जांभ्याचं जड छप्पर आधाराविना लोंबत राहतं. त्याच वेळी वरच्या जमिनीत काठाला समांतर भेगा पडतात. पावसाचं पाणी त्या भेगांत भरतं, भेगेच्या भिंतींवर दाब येतो आणि एखाद्या ओल्या रात्री खोलीएवढा तुकडा सुटून खाली येतो.

पायथ्याची काळी मातीही गप्प बसलेली नाही. तिच्यात मार्कासाइट या लोह-गंधक खनिजाच्या गाठी आहेत. उघड्या पडलेल्या मार्कासाइटला हवा आणि ओल लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं, गंधकाम्ल तयार होतं आणि आजूबाजूचा थर आणखी कुजतो.

मग समुद्राचं काम काय? तो सफाई कामगार आहे. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, किनारा अरुंद होतो आणि लाट थेट पायथ्याला भिडते. आधी पडलेला मातीचा ढीग हाच खरं तर कड्याचा धीर असतो, उताराला तोच टेकू देतो. लाटा तो उचलून नेतात. पायथा पुन्हा उघडा पडतो आणि पुढच्या पडझडीची तयारी सुरू होते. पाऊस संपला की वाळू हळूहळू परत येते आणि डिसेंबरात आलेल्या पाहुण्याला रुंद, शांत किनारा पाहून यातलं काही खरं वाटत नाही.

वर चढून आलो तेव्हा काठावरच्या पायवाटेला सिमेंटचे तुकडे, वाळूच्या गोण्या आणि दोऱ्या यांची ठिगळं लावलेली दिसली. एका चहावाल्याला विचारलं, “चेट्टा, ही वाट पहिल्यापासून एवढीच?” त्याने मोडक्या हिंदीत उत्तर दिलं आणि रेलिंगच्या पलीकडे, हवेत, हात केला. त्याच्या लहानपणी सायकल चालवायची जागा तिकडे होती.

काठावरच्या दुकानदारांशी बोललं की दोष समुद्राला मिळतो. समुद्र समोर आहे, आवाज करतो, त्याच्यावर बोट ठेवणं सोपं. पण काठावरच्या प्रत्येक खोलीमागे न्हाणीघर आहे, शौचालय आहे, त्याचा शोषखड्डा आहे. भांडी घासलेलं पाणी आहे, बागेला घातलेलं पाणी आहे. हे सगळं त्याच जांभ्यात मुरतं. निसर्गाचा पाऊस निदान काही महिने थांबतो, हा मात्र बारमाही. शिवाय इमारतींचं वजन आणि काठावरच्या रहदारीचे हादरे आहेतच. म्हणजे जिथून समुद्र सुंदर दिसतो तिथे बांधायचं, आणि बांधून तीच जागा कमकुवत करायची.

कड्याखाली सर्वांत मोठी गर्दी जमते ती ‘कर्किडक वावु’ला. मल्याळी कर्किडकम महिन्याच्या अमावास्येला हजारो लोक पितरांना बली, म्हणजे पिंड, अर्पण करण्यासाठी पापनाशमला येतात. हा महिना जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो, ऐन पावसाचा. डोंगर पाण्याने भरलेला, समुद्र खवळलेला, किनारा आकसलेला, आणि नेमकी त्याच दिवशी पायथ्याला माणसांची दाटी. २०२४ च्या जूनमध्ये बलिमंडपाजवळचा कड्याचा भाग जिल्हा प्रशासनाने यंत्र लावून कापला. दरड लोकांवर पडू नये, हा हेतू. वर्कलाचा कडा राष्ट्रीय भूवारसा स्थळांत गणला जातो, म्हणून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यावर हरकत घेतली. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण उभा कडा मधूनच कापला तर नवं तोंड उघडं पडतं, पाणी तिथूनही पाझरू लागतं आणि प्रश्न पुढच्या पावसाळ्यावर ढकलला जातो.

या डोंगराशी सरळ झुंज घेण्याचा एक प्रयत्न गावाच्या दक्षिण बाजूला पाहायला मिळतो. त्रावणकोर संस्थानात मालवाहतूक कायलांतून आणि कालव्यांतून चाले, पण वर्कलाचा डोंगर आडवा येई. इथे माल उतरवून डोक्यावरून पलीकडे न्यावा लागे. सर टी. माधवराव दिवाण असताना डोंगरातून जलबोगदे खणण्याचं काम हाती घेतलं गेलं. माधवराव कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी समाजातले. पुढे ते होळकरांचे आणि मग बडोद्याचे दिवाण झाले, म्हणून महाराष्ट्राला त्यांचं नाव बडोद्यामुळे ठाऊक असतं. दोन बोगदे झाले, एक सुमारे २८० मीटरचा, दुसरा ७२० मीटरचा, आणि १८८० मध्ये जलमार्ग सलग झाला. पुढे रस्ते आणि रेल्वे आली, होड्या कमी झाल्या आणि बोगद्यांत गाळ साचत गेला. अलीकडे ते साफ करून पुन्हा जलमार्ग सुरू करण्याची कामं चालू आहेत. दीडशे वर्षांपूर्वी याच मऊ थरांतून कुदळ-फावड्याने आरपार जाणाऱ्यांनी पाण्याचा किती हिशोब केला असेल, हे बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर जाणवतं.

उत्तरेकडे ओडयम आणि इडवाच्या दिशेने चालत गेलं की हॉटेलं विरळ होतात आणि कडा बुटका होतो. वाटेत काळ्या वाळूचा एक किनारा लागतो. कोल्लम जिल्ह्यातलं चवरा इल्मेनाइट आणि मोनाझाइटसाठी प्रसिद्ध आहे. तशीच जड, काळी खनिजं लाटा इथेही निवडून ठेवतात. इडवाच्या पुढे काप्पिलला कायल आणि समुद्र यांच्यात फक्त वाळूची पट्टी उरते.

परतताना मनात प्रश्न होता तो भिंतीचा. पायथ्याला दगडांचा बांध घालून समुद्र अडवावा, असं अनेकांना वाटतं. बांध लाटा अडवेल, पण आतून येणारं पाणी अडवणार नाही. उलट कड्याचं तोंड झाकलं गेलं तर जे पाहायला भूवैज्ञानिक इथे येतात तेच दिसेनासं होईल. खर्चाने कमी आणि गुणाने जास्त असा उपाय माथ्यावरच आहे: पावसाचं पाणी काठापासून दूर वळवणारी गटारं, सांडपाण्याला बंद नळ आणि काठालगत नव्या बांधकामाला साफ नकार.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक ठिकाणं घातली. त्यांत वर्कलाचा कडा आहे आणि पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनी लाव्हाही आहे. पाचगणीच्या टेबललँडवर काळ्या कातळाच्या डोक्यावर जांभ्याचीच टोपी आहे आणि तिथेही काठालगतच्या खोलीला भाडं जास्त मिळतं.

वर्कलाला जरूर जावं. पावसाळ्यात कड्याखालून चालू नये, इतर वेळी ओहोटी पाहूनच चालावं आणि झिरपणाऱ्या कपारीच्या सावलीत बसू नये. राहायची खोली काठापासून मागे घ्यावी. समुद्र तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर असतो.