बॅग, चाके आणि उसण

प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबात माणसांचे दोन वर्ग पडतात. पहिला बॅग भरणाऱ्यांचा आणि दुसरा, बॅग भरून झाली का, असे दर दहा मिनिटांनी विचारणाऱ्यांचा. लग्न झाल्यापासून मी दुसऱ्या वर्गात इमानेइतबारे बसत आलो आहे. पण म्हणून मी काहीच करीत नव्हतो, असे मात्र कोणी समजू नये. बॅग भरून झाली, की तिच्या झाकणावर गुडघा रोवून चेन ओढणे हे माझे काम. मग ती हाताने जोखून, "काय दगड भरलेत की काय!" असा उद्गार काढायचा आणि दांडी वर ओढून ऐटीत रस्त्याला लागायचे. घरच्या सामानाचा भार आपणच वाहतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ती शंका मे महिन्यात आली आणि तीसुद्धा एका मोज्याच्या निमित्ताने.

आमच्या सौभाग्यवतीच्या चुलतबहिणीचे नागपूरला लग्न होते. रात्रीची गाडी. दुपारी चारच्या सुमारास मी पेपर तपासत बसलो होतो. आतल्या खोलीतून हाक आली, "अहो, जरा येता का?" मी म्हटले, "एवढा एक पेपर होऊ दे." तो पेपर झाला, त्याच्या पुढचाही झाला. पुन्हा हाक आली, पण या वेळी आवाज निराळा होता. जाऊन पाहतो तो जमिनीवर बॅग उघडी पडलेली आणि ती तिच्यावर ओणवी, एक हात पलंगाच्या कडेवर आणि दुसऱ्या हातात चिरंजीवांचा एक मोजा. म्हणाली, "मला सरळ होता येत नाहीये."

उसण भरली होती.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी विचारले, "काय उचललंत?" ती कण्हत म्हणाली, "मोजा." मला हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मोज्याचं वजन कशाला हवं? कमरेच्या वरचं अंग काय कमी जड असतं?" आणि माझ्याच टेबलावरची पट्टी घेऊन त्यांनी मला तराजूचे गणित समजावले. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून जेमतेम दोन इंच मागे असतात. माणूस वाकला, की डोके, हात आणि छाती यांचे वजन त्याच्या कितीतरी पुढे लोंबते. मागच्या आखूड दांडीने पुढचे लांब ओझे तोलायचे, तर स्नायूंना त्या ओझ्याच्या अनेक पट जोर लावावा लागतो. आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश अस्थितज्ज्ञाने १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत सुई घालून तिथला दाब मोजला होता. ताठ उभे राहिल्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो पुष्कळ वाढतो आणि हातात वजन असले तर आणखी वाढतो. "एकदा वाकल्यानं काही होत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण एक बॅग भरायला किती वेळा वाकावं लागतं, हे कधी मोजलंय का तुम्ही?"

मी कशाला मोजतो! पण त्या दिवशी मोजण्याची पाळी आली. तिकिटे रद्द झाली. अर्धीअधिक भरलेली बॅग जमिनीवर तशीच उघडी होती आणि ती रिकामी करायला घरात दुसरे कोणी नव्हते. कपाटाचा वरचा खण माझ्या डोक्याशी, बॅगेचा तळ माझ्या घोट्याशी. वाका, उचला, वळा, हात उंच करा, ठेवा, पुन्हा वाका. त्रेचाळीस वेळा वाकलो तेव्हा बॅग रिकामी झाली. तीसच्या पुढे माझीही कंबर स्वतंत्रपणे विचार करू लागली होती. आणि ही नुसती रिकामी करण्याची मेहनत. भरताना तर तळाशी घातलेली वस्तू हमखास पुन्हा काढावी लागते.

बॅग रिकामी करताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझे कपडे, मुलांचे कपडे, आईची औषधे, आहेराची पाकिटे, सगळे जागच्या जागी होते. तिच्या स्वतःच्या दोन साड्या तेवढ्या एका कोपऱ्यात कोंबलेल्या. सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या जागेत तिचे.

बहिणीचे लग्न तिने पाठीखाली शेकाची पिशवी घेऊन, फोनच्या वीतभर पडद्यावर पाहिले. सप्तपदीच्या वेळी नेमका आवाज गेला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी मी आईजवळ बसलो होतो. म्हटले, "आई, तू इतकी वर्षं सामान भरलंस. तुझी कधी भरली नाही उसण?" आई सुपारी कातरता कातरता म्हणाली, "न भरायला काय झालं! तुम्ही नकला करत होतात की माझ्या."

आणि एकदम आठवले. आमच्या घरी तेव्हा पत्र्याची एक हिरवी ट्रंक होती, एरवी खाटेखाली असे. मे महिन्यात कोकणात जायचे ठरले, की ती कर्रकन आवाज करीत बाहेर निघे. आई तिच्यासमोर पाटावर मांडी घालून बसे. जुन्या धोतराची चौकोनी फडकी काढून प्रत्येकाच्या कपड्यांचे वेगळे बोचके बांधी आणि मग ती बोचकी ओळीने ट्रंकेत लावी. सगळे झाल्यावर एक तळहात कमरेवर ठेवून ती उठे आणि म्हणे, "अगं आई गं!" आम्हा भावंडांना ती सामान भरण्याच्या विधीतली शेवटची आहुतीच वाटे. आम्हीही रांगेने कमरेवर हात ठेवून "अगं आई गं" म्हणत असू आणि पोट धरधरून हसत असू. तीही हसे.

"तरी ट्रंक बरी होती रे," आई म्हणाली, "बसून भरता यायची. तुमच्या या बॅगा ना बसून भरता येत, ना उभ्यानं." मग थोडी थांबून म्हणाली, "आणि खरं सांगू का, ट्रंक उचलायला तुझ्या बाबांना स्टेशनावर हमाल मिळायचा. भरायला कुठला हमाल मिळणार?"

आईच्या या एका वाक्याने मला सामानाचा सगळा इतिहास निराळा दिसू लागला. तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. जमिनीवर बसणाऱ्या घरात ट्रंकेचे तोंड बसल्या माणसाच्या हाताशी येई. घरात उंच कपाटे आली, मांडी घालणे सुटले, पण बॅग राहिली जमिनीवरच. मधले अंतर कोणाच्या तरी पाठीने भरून काढायचे, एवढेच उरले. हमालाचेही पाहा. दोघांनी हात लावून ट्रंक एकदा डोक्यावर चढवली, की ओझे सरळ कण्यावर. तो वाकत नाही. वाकली ती भरणारी.

बॅगेला चाके कधी लागली, ठाऊक आहे? माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, तेव्हा पृथ्वीवरचे बहुतेक प्रवासी आपापल्या बॅगा हातानेच उचलत होते. बर्नार्ड सॅडो हे अमेरिकेतल्या एका बॅगांच्या कंपनीतले अधिकारी. १९७० साली अरूबा बेटावरून सुटी संपवून सहकुटुंब परतताना, दोन्ही हातांत दोन अवजड बॅगा घेऊन ते विमानतळावर ताटकळत होते. तेवढ्यात एक कामगार भले मोठे यंत्र चाकांच्या फळीवरून सहज ढकलत नेताना त्यांना दिसला. घरी येऊन त्यांनी बॅगेला चार चाके आणि पुढे ओढायला एक पट्टा लावला. १९७२ साली पेटंट मिळाले. पण न्यूयॉर्कमधल्या दुकानांनी प्रथम ही बॅग परत पाठवली. कारण मोठे मजेदार आहे. पुरुष बॅग उचलतो, तो ती ओढत कशाला नेईल? आणि बाईची बॅग उचलायला पुरुष आहेच! त्या वेळचा हा पुरुषी ताठा पुढे खुद्द सॅडो यांनीच सांगितला आहे. अखेरीस मेसीज या दुकानाने बॅग घेतली. ती आडवी बॅग कुत्र्याच्या पिलासारखी मागून डुलत येई आणि वळणावर लोळण घेई. १९८७ साली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तिला उभे केले, दोन चाके दिली आणि आतबाहेर सरकणारी दांडी बसवली.

चाक आले, ते ओढणाऱ्यासाठी. भरणाऱ्याचा विचार यापूर्वी कोणी केलाच नव्हता, असेही नाही. आगबोटींच्या काळात श्रीमंत प्रवाशांच्या ट्रंका उभ्या ठेवून पुस्तकासारख्या उघडत. एका बाजूला कोट टांगायच्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला खण. उभ्या उभ्या भरा, उभ्या उभ्या काढा. कपाटच ते, फक्त प्रवासाला निघालेले. पण त्याचे वजन एवढे, की उचलायला हमालांची जोडी हवी. म्हणजे हमाल होते तोवर भरणाऱ्याची सोय झाली आणि हमाल गेला तशी ती सोयही गेली. कष्ट नाहीसे होत नाहीत, या पाठीवरून त्या पाठीवर जातात.

असे सगळे ज्ञान घेऊन मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. विक्रेता उत्साही होता. त्याने एक बॅग एका बोटाने गरबा खेळल्यासारखी गरागरा फिरवून दाखवली. "सर, वजन जाणवणारच नाही!" मी विचारले, "भरताना वाकावं लागेल का?" तो गोंधळला. "भरताना? सर, भरतील ना घरी." मी बॅग उघडायला सांगितली. तिचे दोन सारखे भाग झाले आणि दुकानाची अर्धी फरशी व्यापली. अशी बॅग उघडायची म्हणजे दुप्पट जागा हवी, ती जमिनीवरच मिळणार. त्याने मग एक निराळी दाखवली. हिच्या आत कापडी खणांचे घडीचे कपाट होते. मुक्कामी पोचल्यावर ते तसेच उचलून दांडीला अडकवायचे. तिसरीचे झाकण फक्त वरून उघडत होते, तिला थोडी जागा पुरे. आणि कपडे भरायच्या चौकोनी पिशव्यांचा संच निराळा, टेबलावर भरा आणि एकदाच बॅगेत लावा. मी त्या पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या. आईची बोचकी! फक्त धोतराचे फडके जाऊन चेन आली होती.

पिशव्या आणि वरून उघडणारी बॅग घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो. म्हटले, "ही आता पलंगावर ठेवून भरायची. वाकणं कमी." सौभाग्यवतीने बॅगेच्या चाकांकडे पाहिले, मग धुतलेल्या चादरीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "ही चाकं स्टेशनभर फिरून येणार आणि ती माझ्या पलंगावर?"

मी खाली बसलो. म्हणजे बॅग जमिनीवर राहिली, ती याच्यामुळे. ज्या चाकांनी माझा खांदा वाचवला, त्याच चाकांनी तिला वाकायला लावले. इतक्या वर्षांत हे मला दिसले नाही, कारण मी दांडीच्या बाजूला उभा होतो.

मग उंच जागेचा शोध सुरू झाला. जेवणाचे टेबल चालणार नाही, कारण तेच, चाके. ओटा तर नावच काढायला नको. वजन उचलण्याविषयी अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने १९९१ साली एक सूत्र ठरवले आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असली तर माणसाने तेवीस किलोपर्यंत उचलावे आणि त्यासाठी हातांची आदर्श उंची जमिनीपासून पंचाहत्तर सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. त्याच्या खाली वाकावे, तसा उचलण्याजोगा आकडा घटत जातो. मी फूटपट्टी घेऊन घरभर हिंडलो. बरोबर अडीच फूट उंचीची एकच वस्तू सापडली. माझे लिहिण्याचे टेबल.

या टेबलावर घरात कोणी तांब्यासुद्धा ठेवीत नाही. त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कोश, अर्धवट लेख आणि माझा दरारा, असे सगळे असते. दोन दिवस मी विचार केला. मग गठ्ठे खाली उतरवले. खाली ठेवताना अर्थात वाकावे लागले.

गणपतीत महालक्ष्म्यांना सासुरवाडीला नागपूरला जायचे होते. टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली, त्यांवर बॅग ठेवली आणि मी भरायला उभा राहिलो. सौभाग्यवती माझ्या खुर्चीत बसून सूचना देत होती. "तिसऱ्या खणात, डावीकडे. ते नाही, त्याच्या खालचं." हा सगळा संसार तिच्या डोक्यात खणाखणांनी लावलेला आहे, हे मला प्रथमच कळत होते. आई दारात उभी राहून पाहत होती. तिच्या दोन साड्या कुठे ठेवू, म्हणून मी सौभाग्यवतीला विचारले. ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "ठेवा की कुठंही." मी त्या सर्वांत आधी, तळाशी नीट पसरून ठेवल्या. भरलेली बॅग आम्ही दोघांनी, दोन बाजूंनी धरून खाली उतरवली. एकदा वाकलो, तेवढेच. माझ्या तोंडून सवयीने "अगं आई गं" निघाले, तशी दारातून हसण्याचा आवाज आला.

नागपूरला पोचल्यावर बॅग उघडली. सगळ्यांचे सगळे आले होते. मुलांचे मोजेदेखील जोडीने होते. रात्री निजायच्या वेळी मी माझा पायजमा शोधू लागलो. आधी पिशव्यांत पाहिले, मग तळाशी पाहिले आणि मग आठवले. तो पुण्याला टेबलावर, वर्तमानपत्राशेजारी घडी घालून ठेवलेला होता. सगळ्यांचे झाल्यावर ठेवू, असे मी म्हटले होते.

ती रात्र सासऱ्यांची लुंगी नेसून काढली. सौभाग्यवतीने मला पाहिले, पण ती हसली नाही. एवढेच म्हणाली, "होतं असं. भरणाऱ्याचं राहतंच."