घरच्या राबण्याची नोंद

पुणे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा कापसाच्या भावाचा विषय निघाला तेव्हा तू पोटतिडकीने म्हणालास, "बियाणं, खत, फवारणी सगळे धरतात, घरची माणसं राबतात त्याचं काय?" मला तुझं म्हणणं मनापासून पटलं. वर्गात अर्थशास्त्र शिकवताना मीही हेच सांगते. म्हणूनच हा प्रश्न आणखी थोडा पुढे, आपल्या घरात नेते आहे.

हमीभाव ठरवताना कृषी मूल्य आयोग 'ए2 अधिक एफएल' हा खर्च धरतो. त्यातला एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी. ती कोणी कोणाला दिलेली नसते, पण मजूर लावला असता तर द्यावी लागली असती. वहिनीची टोबणी, निंदणी, वेचणी त्यात येते. मात्र हा हिशेब बांधावरच थांबतो. शेतात निघण्याआधी थापलेल्या भाकरी, मुलांचे डबे, आईची अंघोळ आणि औषधं, तू पाठ टेकल्यावरही चाललेली आवराआवर, यातलं काहीच त्यात नाही.

अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी 1934 साली एक कसोटी मांडली: घरातलं जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येईल, ते उत्पादक काम. म्हणजे तुझी मजुराची कसोटीच, फक्त उंबऱ्याच्या आत आणलेली. राष्ट्रीय उत्पन्नाचे जागतिक नियम अजून तिथवर आलेले नाहीत. त्यांत घरासाठी पाणी भरून आणणं उत्पादनात बसतं, त्याच पाण्यावर केलेला स्वयंपाक बसत नाही. आणि हे काम थोडंथोडकं नाही. देशाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं भरला. असं काम करणाऱ्या पुरुषांचा 88.

तू म्हणशील, घरातल्या मायेचं मोल करायचं का? न्यायालयं ते करतात, पण बाई गेल्यावर. जमशेदपूरच्या 1989 च्या आगीत दगावलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली लता वाधवा खटल्यात महिना 3000 रुपये धरलं. 2021 च्या कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी गृहिणीच्या श्रमांना उत्पन्न मानण्याची गरज पुन्हा ठासून मांडली. निकाल न्याय्यच आहेत. पण जिचं काम मोजलं, तिच्या हाती त्यातलं काय आलं? मोल करायचंच तर तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं.

याचा रस्ता आपल्याच शेतकऱ्यांनी दाखवला आहे. 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरलं. त्यानंतर शरद जोशींनी शेतकऱ्यांना लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: सरकारकडे घामाचं दाम मागता, तर घरच्या लक्ष्मीचं देणंही फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा. गावोगावच्या पुरुषांनी तसं केलं. हे दान नव्हतं, थकलेली बाकी होती. म्हणून मी वहिनीला पगार दे म्हणत नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव लाव म्हणते. शेतकरी ओळखपत्र असो की पीककर्ज, प्रत्येक कागद आधी सातबारा विचारतो. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी नवरा गेलेल्या किती बायकांना त्या एका नोंदीसाठी हेलपाटे घालावे लागले. ज्या रानात जन्म गेला, तिथे त्यांना आपण कोण हे सिद्ध करावं लागलं.

सरकारने 1992 साली लक्ष्मीमुक्ती याच नावाची योजना काढली. नवऱ्याने स्वेच्छेने अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज नवऱ्याने करायचा आहे, दादा. वहिनी स्वतःहून कधी मागणार नाही, आणि तिला मागावं लागू नये. बाबांच्या पश्चात मी हक्कसोड केली ती तुमच्या दोघांच्या संसाराकडे पाहून. आज त्या जमिनीवर एकट्या तुझंच नाव आहे, हे मला बरं वाटत नाही.

आखाजीला माहेरी येते आहे. तोवर उतारा काढून ठेव; आपण तिघं मिळून तहसीलला जाऊ. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि हे पत्र वहिनीलाही वाचायला दे.

तुझी,
माई