चार इंच

जुन्या जीपचे पाटे खोलायला घेतले, की त्या गाडीत गूढ असे फारसे काही नाही हे प्रथम जाणवते. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधोमध एका सेंटर बोल्टने जखडलेल्या आणि दोन यू बोल्टांनी एक्सलला आवळलेल्या. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला शॅकल नावाची झुलती कडी. भाराखाली पाटा सपाट होऊ लागतो तशी त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर सरतात. ते सरकणे सामावून घेणे हे त्या कडीचे काम. घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली ही रचना आहे. तुमच्यापैकी जे दिवसा गॅरेजात काम करून रात्री ही पुस्तिका उघडत असतील, त्यांना हे सारे माझ्याहून अधिक ठाऊक असेल. इतरांनी एवढेच ध्यानी घ्यावे, की गाडीचा भार आणि रस्त्याचा धक्का यांच्या मध्ये उभे असते ते एवढेच.

माझ्या थोरल्या बंधूंची महिंद्राची एमएम ५४० त्यांच्या पश्चात पुतण्याकडे आली. तो महाडजवळ, वरंध घाटाच्या अलीकडे राहतो. पावसाळ्यात चिखलात आणि ओढ्यांत गाड्या घालणाऱ्या तरुणांच्या मेळाव्यांना तो जातो, आणि तिथल्या उंच जीपा पाहून त्याला आपलीही गाडी चार इंच उंच हवीशी झाली. "काका, खाली दगड लागतात हो," एवढाच त्याचा युक्तिवाद. तो खोटा नव्हता. परंतु त्याच गाडीतून माझ्या वहिनी औषधपाण्यासाठी घाट चढून पुण्याला येतात, आणि घाटाला दगडांपेक्षा वळणे अधिक आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाट्यांमार्फत गाडी उंच केली, तर उंच होते ती चासी. एक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा फुगीर गोळा जिथल्या तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर मोठे टायरच घालावे लागतात. वर मात्र निश्चितपणे जातो तो गुरुत्वमध्य. केवळ गणितासाठी समजा, की डाव्या-उजव्या चाकांतील अंतर ४८ इंच आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे. अंतराच्या निम्म्याला या उंचीने भागले, तर स्थैर्याचा अंक १ येतो. गुरुत्वमध्य तीन इंच चढला, तर तोच अंक ०.८९ होतो. हा अंक जितका लहान, तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो; दरीच्या कडेला तो तसा राहत नाही.

स्वस्त उपायही फार आहेत. लांब शॅकल लावावी, तर तिची लांबी जितकी वाढते त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, आणि पुढच्या एक्सलचा कॅस्टर कोन बदलून स्टिअरिंग हातात राहत नाही. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालावा, तर पुढच्या बाजूस तो कधीही घालू नये. ब्रेक मारताना तिथे जो पीळ बसतो, त्याने ठोकळा निसटू शकतो. कायद्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला.

आम्ही गाडी एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांना सारे चाचा म्हणतात. त्यांनी पुतण्याचे बोलणे शांतपणे ऐकले, गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि चारही बाजूंना एक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर टेपने मोजले. मागची डावी बाजू मूळ उंचीपेक्षा दीड इंच बसली होती; उरलेल्या तिन्हीही थोड्याफार खचलेल्या. "तुला चार इंच पाहिजेत, पण आधी हिचे गेलेले तर दे," ते म्हणाले. मला हे वाक्य फार आवडले. पुतण्याला मुळीच आवडले नाही.

मूळ मापाचे नवे पाटे आले. उंच पाटे असते तरी बसवण्याची रीत हीच, आणि खरा धोका या रीतीतच असतो. चाचांनी एका वेळी एकच एक्सल घेतला. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, गाडी जॅकवर उचलली आणि लगेच चासीखाली लोखंडी टेकू देऊन तिचा सारा भार त्यांवर उतरवला. जॅक त्यानंतर फक्त एक्सल पेलण्यासाठी. जॅकच्या एका सीलवर माणसाचा जीव टांगायचा नसतो, म्हणून त्यांच्याकडे टेकूंवाचून कुणी गाडीखाली सरकत नाही. पाट्यांच्या कंसांजवळ चासीवरचा गंज त्यांनी तारेच्या ब्रशाने खरवडून काढला आणि हातोडीने ठोकून आवाज ऐकला. बोदा आवाज आला असता, तर काम तिथेच थांबले असते. जुने यू बोल्ट त्यांनी भंगारात टाकले. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही.

एक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना त्यांनी ब्रेकचा रबरी होज ताणला जातो का, हे बोटाने चाचपून पाहिले. प्रॉपेलर शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर येतो, शॉकअपची लांबी पुरते का, हेही पाहिले. उंची जितकी वाढते, तितक्या याच गोष्टी आधी तोकड्या पडतात. शॅकलचे नट त्यांनी सैलच ठेवले होते. गाडी चाकांवर उतरून तिचा भार पाट्यांवर आल्यावरच ते आवळले. अधांतरी आवळले, तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात.

शंभर किलोमीटर चालवून गाडी पुन्हा त्यांच्याकडे न्यायची, ही त्यांची अट होती. नेली. आठ यू बोल्टांच्या सोळा नटांपैकी पाच थोडे थोडे फिरले. पुतण्याने ते मोजले आणि काही बोलला नाही. वहिनींनी मात्र घाटात गाडी आता डावीकडे झुकत नाही, हे कुणी न सांगता ओळखले.

लांब शॅकलची एक जोडी पुतण्याने आधीच विकत आणून ठेवली होती. ती अजून माळ्यावर आहे. विकून टाक, असे मी त्याला दोनदा सांगितले आहे.